कपाटात कोण होतं

बोहनीकाकू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता त्यांच्या नणंदेलाही क्षणभर आठवावं लागतं. हे नाव पडलं उन्हाळी कला महोत्सवात. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं की दुकानाची बोहनी होते आणि मग दिवस बरा जातो, असं दुकानदार मानतात. विनोद करणाऱ्यांचंही तसंच असतं. पहिला माणूस हसेपर्यंत बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. हसण्यावर कुणी कर लावलाय की काय, देव जाणे! तर तो पहिला माणूस म्हणजे काकू. त्यांना आधी एक बारीकशी उचकी लागते, मग खांदे हलायला लागतात, आणि मग जे काही बाहेर पडतं त्याला आवर नाही. दोन्ही हातांनी गुडघे बडवत, डोळे पुसत, शेजारच्या अनोळखी माणसाच्या दंडाला धरून त्या हसतात. त्यांचं हसणं ऐकून मागची रांग हसते, मागच्या रांगेचं ऐकून दारातले हसतात, आणि विनोदवाल्याचा जीव भांड्यात पडतो.

म्हणून तिसऱ्या रांगेतली मधली खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवायची रीतच पडली. महोत्सवाचा निवेदक एरवी औषधांचं दुकान चालवतो. तो पडद्याआडून डोकावून आधी ती खुर्ची बघतो. काकू दिसल्या तरच दिवे मंद करतो.

एरवी काकूंचं काम अगदी मुक्याचं. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्या कवळ्या बनवतात. साच्यातून आलेल्या गुलाबी हिरड्या, मेणावर एकेक दात बसवायचा, मग घासायचं, मग चकाकी. तोंडावर दिवसभर फडकं. तिथं कुणी हसत नाही आणि बोलतही फारसं नाही, कारण बोललं की हात हलतो आणि सुळा वाकडा बसतो. वर्षभराचं साठलेलं हसू मग उन्हाळ्यात निघतं, असं नणंद म्हणते. नणंदेला काय, काहीही बोलायची सवय आहे, पण हे ती बरोबर बोलते.

एवढ्या वर्षांत काकूंचे यजमान मात्र एकदाही महोत्सवाला आले नव्हते. काका लिफ्टदुरुस्तीच्या कामाला. उन्हाळ्यात वीज जाते-येते, लिफ्टा मधेच थांबतात, माणसं अडकतात. फोन आला की काका ताटावरून उठून हत्यारांची पिशवी घेऊन निघायचे. त्यामुळे काकू नणंदेला घेऊन जायच्या. या वर्षी काका निवृत्त झाले. महोत्सवाच्या पहिल्या दिवशी स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चला, बघू तरी काय असतं ते."

तिघं गेले. आधी शाळेच्या हॉलमध्ये नाटक होतं. राजा, प्रधान, विष, सूड, असं सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या अंकात राजाची अर्धी मिशी सुटून लोंबायला लागली. प्रधान इतका इमानदार की राजाला अडवून म्हणाला, "महाराज, शत्रूनं आपल्या मिशीपर्यंत मजल मारली आहे." काकूंना उचकी लागली आणि पुढचा सगळा सूड हसण्यात वाहून गेला. राजासुद्धा मरताना हसत होता. नाटकाचा दिग्दर्शक नंतर म्हणाला की आमचा प्रयोग इतका रंगला नव्हता कधी. बिचारा शोकांतिका बसवायला गेला होता.

मग विनोदाचा कार्यक्रम. तो बाजारपेठेतल्या एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात असतो. सामान हलवलेलं, खुर्च्या मांडलेल्या, एका टोकाला फळ्यांचा ओटा, ओट्याच्या बाजूला जुन्या गोदामाचं बंद दार. एक सडपातळ मुलगी आली आणि आपल्या घरमालकिणीबद्दल बोलायला लागली. काकू तिसऱ्याच वाक्याला गेल्या. मुरकुंडी वळली अगदी. हसता हसता त्यांनी सवयीनं शेजारचा दंड धरला, तर तो काकांचा होता. काका हसत नव्हते. ओट्याकडे बघतही नव्हते. ते काकूंकडे बघत होते, आ वासून, जसं काही ही बाई त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली.

आणि खरंच पाहिली नव्हती. आता इथंच तर घोडं पेंड खातं. जगातल्या कुठल्याही सोम्यागोम्याच्या विनोदाला गुडघे बडवणाऱ्या काकू स्वतःच्या नवऱ्याच्या एकाही गोष्टीला आजवर हसल्या नव्हत्या.

काका गोष्टी सांगायचे. कमी नाही, रोज सांगायचे. जेवताना, भांडी पुसताना, दिवा घालवायच्या आधी. पण त्या गोष्टींना शेपूटच नसे. ती कपाटाची गोष्ट घ्या. दोन भाऊ कपाट घेऊन लिफ्टमध्ये चढले. मधल्या मजल्यावर एक म्हातारी कुत्र्याला घेऊन आत आली. कुत्रा कपाटाकडे बघून गुरगुरायला लागला. भाऊ म्हणाले, आजी, कपाट रिकामं आहे. म्हातारी म्हणाली, माझा कुत्रा रिकाम्या कपाटावर गुरगुरत नाही. एवढ्यात कपाटातून आवाज आला, "पोचलो का?" बास. एवढं सांगून काका म्हणायचे, "तर असं," आणि पाणी प्यायचे.

आता या "तर असं"चं माणसानं करायचं काय? लग्न नवं होतं तेव्हा काकू विचारायच्या, "मग? कोण होतं आत?" काका म्हणायचे, "मग काय, दार उघडलं." वर मधेमधे थांबायचेसुद्धा. एक वाक्य बोलून गप्प, मग दुसरं. काकूंना वाटायचं, पुढचं विसरले. दोन-चार वर्षांत त्यांनी विचारणं सोडलं. गोष्ट निम्म्यावर आली की त्या उठून दूध तापवायला जायच्या. काका उरलेली गोष्ट भिंतीला सांगायचे आणि तेही गप्प व्हायचे. भांडण म्हणून कधी झालं नाही. पण काकांना ते लागत असणार, हे काकूंना त्या दुकानात, त्यांचं आ वासलेलं तोंड बघून, पहिल्यांदा कळलं. कळलं आणि त्या एकदम ओशाळल्या. पुढचा विनोद त्यांना ऐकूच आला नाही.

परतताना काका एवढंच म्हणाले, "त्या पोरीला बरं जमलं हं."

"चांगली होती," काकू म्हणाल्या.

"घरमालकिणीवर एवढं हसण्यासारखं काय असतं?"

"सांगायची पद्धत असते, अहो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून काकांनी सांगितलं की रविवारी दुपारी नवशिक्यांचा कार्यक्रम आहे आणि त्यात त्यांनी नाव दिलं आहे.

नणंद तेव्हा तिथंच होती. तिच्या हातातली बशी पडायची राहिली. "दादा, तू? तू स्टेजवर? अरे, तुझ्या गोष्टीनं दूध नासतं!"

"नासू दे," काका म्हणाले. मग बुटाची नाडी बांधायला वाकले आणि खाली बघूनच काकूंना विचारलं, "तू येशील ना?"

"येईन की."

"आणि हसशील?"

नाडी बांधून झाली होती तरी ते वाकलेलेच होते. काकूंनी चटकन हो म्हणायला हवं होतं. काय बिघडलं असतं? पण खोटं बोलणं त्यांच्या जिभेला कधी जमलंच नाही. त्या म्हणाल्या, "हसू आलं तर हसेन."

काका उठले आणि बाहेर पडले. दार त्यांनी हळूच लावलं. आपटलं असतं तर काकूंना बरं वाटलं असतं.

"वहिनी, तू म्हणजे ना धन्य आहेस!" नणंद कडाडली. "अगं, सगळ्या गावाला फुकट वाटतेस आणि माझ्या भावाच्या वेळी हात आखडता? हो म्हणायचं आणि हसून टाकायचं. अभिनय कर थोडा."

"आणि नाही जमला तर?"

"नाही जमला तर दादाचं काही खरं नाही. तू गप्प बसलीस की सगळे गप्प. सगळ्यांना माहितेय तू त्याची बायको आहेस. म्हणतील, घरचीलाच हसू येत नाही, मग आम्ही कशाला हसायचं?"

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. एरवी न हसणं म्हणजे फक्त न हसणं, पण रविवारी ते चारचौघांत नवऱ्याचं नाक कापणं होणार होतं. काकूंनी ठरवलं की सराव करायचा.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यानं हसण्याचं सोंग आणून पाहिलेलं दिसत नाही. कामावर, फडक्याआड, काकूंनी एक हसू काढून बघितलं. शेजारच्या टेबलावरची बाई हातातला साचा टाकून धावली आणि तिनं त्यांच्या पाठीत दोन दणके घातले. "दात गिळला का? पाणी पी, पाणी पी!" संध्याकाळी नणंदेसमोर पुन्हा एक काढून दाखवलं. नणंदेनं कानावर हात ठेवले. "नको, नको. हे हसणं नाही, ही उलटीची तयारी आहे. दादा मधेच डॉक्टर बोलावील."

घरात काका आरशासमोर पुटपुटत होते. काकू जवळ आल्या की गप्प व्हायचे. जेवताना गोष्ट नाही, भांडी पुसताना गोष्ट नाही. इतकी वर्षं ज्या गोष्टींना काकू कंटाळल्या होत्या त्या बंद झाल्या, तर घर खायला उठलं. एकदा काकूच म्हणाल्या, "अहो, सांगा ना काहीतरी." काका म्हणाले, "रविवारी," आणि ताट उचलून गेले.

रविवारी दुपारी दुकान गच्च भरलं होतं. पंखे गरगरत होते, लोक कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेत होते. काकांच्या आधी एक बँकेतला कारकून झाला, एक शिक्षिका झाली. काकू दोघांनाही मनापासून हसल्या. हसताना मनात धाकधूक होतीच, की अगं बाई, इथं सगळं खर्च करून बसू नकोस. जणू ते मोजून मिळतं.

मग निवेदकानं काकांना बोलावलं. "आपल्या सगळ्यांना कधी ना कधी वरखाली करणारे," तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

काका ओट्यावर आले. तोच इस्त्रीचा शर्ट. माइक हातात घेतला, समोर बघितलं. समोर अंधार आणि अंधारात माणसं. काकांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. पंखे तेवढे आवाज करत होते. मागून कुणीतरी खोकलं. नणंदेनं काकूंच्या बरगडीत कोपर मारलं. "हस ना!"

"कशाला हसू? काही बोलले तरी आहेत का?"

आणि मग काकांनी विचित्रच केलं. त्यांची नजर बाजूच्या त्या गोदामाच्या बंद दारावर गेली. ते वळले. लोकांकडे पाठ केली, दाराजवळ गेले, त्यावर दोन टिचक्या मारल्या आणि अगदी स्वच्छ, मोठ्या, गोड आवाजात दाराला म्हणाले, "घाबरू नका. मी बाहेरच आहे. दहा मिनिटांत काढतो तुम्हाला."

दोघंतिघं फिसकन हसले. "इकडे बघा, काका!" कुणीतरी ओरडलं. काकांनी लक्ष दिलं नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी ते आयुष्यभर असेच बोलले होते, बंद दाराशी. तोंडासमोर एवढी माणसं ठेवून गोष्ट सांगायची त्यांना सवयच नव्हती. काकूंनी त्यांना कामावर कधी पाहिलं नव्हतं, त्या डोळे मोठे करून बघायला लागल्या. घरी बोलताना हा आवाज कधी लागला नव्हता. या आवाजाला कुणीही घाबरायचं थांबलं असतं.

"तोवर एक गोष्ट सांगतो," काका दाराला म्हणाले. "अशाच एका लिफ्टमध्ये दोन भाऊ कपाट घेऊन चढले."

आणि थांबले.

दुकान थांबलं. काकांनी कान दाराला लावला. वाट बघत होते. लोकांची चुळबुळ सुरू झाली. निवेदक कडेला उभा होता, त्याच्या हातात वेळ संपल्याचा लाल दिवा होता, आणि त्याचा अंगठा आतापासूनच बटणावर होता.

काकूंना ही गोष्ट पाठ होती, आणि हे थांबणंही पाठ होतं. घरी इथंच थांबायचे. त्यांना एकदम उमगलं की हा माणूस काही विसरलेला नाही. तो आतून कुणीतरी "मग?" म्हणायची वाट बघतोय. आतल्या माणसानं "मग?" म्हटलं की समजायचं, तो शुद्धीवर आहे, घाबरून बसलेला नाही. अरे देवा! म्हणजे घरीसुद्धा ते दर वाक्याला थांबून तेवढंच मागत होते, आणि आपण उठून दूध तापवायला जात होतो.

"मग?" काकू ओरडल्या.

आवाज जरा जोरातच निघाला. सगळ्यांनी वळून बघितलं. काका मात्र वळले नाहीत. त्यांचे खांदे तेवढे सैल झाले.

"मग मधल्या मजल्यावर एक म्हातारी आली. बरोबर कुत्रा."

"मग?"

"कुत्रा कपाटाकडे बघून गुरगुरायला लागला."

"मग?" या वेळी काकूंबरोबर आणखी चारपाच जण होते.

"भाऊ म्हणाले, आजी, कपाट रिकामं आहे. आजी म्हणाली, माझा कुत्रा रिकाम्या कपाटावर गुरगुरत नाही." काका थांबले. आता सगळं दुकान "मग?" म्हणालं, आणि स्वतःच्याच आवाजाला हसलं. "एवढ्यात कपाटातून आवाज आला, पोचलो का?"

दुकान खळखळून हसलं. शिक्षिका हसली, कारकून हसला, नणंद तर टाळ्या पिटत होती. एकट्या काकू हसल्या नाहीत. त्यांच्या मस्तकात तिडीक गेली होती. कारण पुढे काय येणार ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते आलंच.

"तर असं," काका म्हणाले.

"तर असं काय?" काकू ताडकन उभ्या राहिल्या. आपण कुठं आहोत याचं त्यांना भान राहिलं नाही. "अहो, कपाटात कोण होतं?"

"मला काय माहीत?" काका दाराला म्हणाले.

"माहीत नाही म्हणजे? गोष्ट तुमची ना?"

"इथपर्यंत आलं की दार उघडतं," काका म्हणाले. "माणसं बाहेर येतात आणि पळत सुटतात. आजवर कुणी विचारायला थांबलं नाही. मग पुढचं रचू कशाला?"

लोक हसत होते, पण काकूंना त्याचं काही नव्हतं. त्यांना इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायचा होता. "अहो, पण घरी कुठलं दार उघडतं? घरी तर दार उघडंच असतं!"

आता मात्र काका वळले. माइक हातातच होता. त्यांनी काकूंकडे बघितलं, मग बंद दाराकडे बघितलं, मग परत काकूंकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू वर येत होतं.

"हो गं," ते म्हणाले. आवाज एकदम घरातला झाला. "दार उघडंच असतं. अर्धी गोष्ट राहिली की माणूस जागचा हलत नाही, असा माझा अनुभव. म्हटलं, तू उठून जाऊ नयेस म्हणून अर्धीच सांगायची. आणि तू दर वेळी उठून जायचीस. मला कळायचंच नाही, असं का होतंय."

त्यांनी त्या बंद दारावर हात टेकला.

"ती माणसं अडकलेली असायची," काका म्हणाले. "त्यांना जाताच येत नव्हतं. मला वाटायचं, गोष्टीमुळे थांबलीत."

काकूंना उचकी लागली.

बारीकशी, नेहमीसारखी. त्यांनी ओठ दाबून धरले. एवढी वर्षं हा शहाणा माणूस मोकळ्या खोलीत बसून, समोर उघडं दार ठेवून, आपल्याला लिफ्टमधून सोडवत होता! खांदे हलायला लागले. त्यांनी नणंदेचा दंड धरला, पुढच्या खुर्चीची पाठ धरली, आणि मग काही धरून उपयोग नव्हता. त्या हसल्या. खाली बसल्या, गुडघे बडवले, डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. लोक हसले, थकले, थांबले, तरी त्या हसतच होत्या, मधेच "अगं बाई" म्हणत आणि मधेच रडत, कारण त्यांना त्या माणसाची दयाही येत होती आणि स्वतःचा रागही.

काका ओट्याच्या टोकाशी येऊन उभे होते. हलत नव्हते, नुसते ऐकत होते. निवेदकानं लाल दिवा लावला. काकांना दिसला नाही. त्यानं तो हलवला. शेवटी बिचारा चार पावलं पुढे आला आणि हळूच म्हणाला, "काका, तुमची वेळ संपली."

"थांबा हो," काका त्याच्याकडे न बघता म्हणाले. "तिचं अजून संपलं नाहीये."